चौदा चहा आणि दादाचा भराव

मु. पो. तेर
सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप इंद्रजितदाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, बलभीमचा दंडवत. कंबरेत उसण भरल्यामुळं तो अर्ध्यातच अडकलाय, उरलेला अर्धा पावला असं धरून चालावं. तुमचा गुडघा कसा आहे? बाजारातून आणलेलं ते तेल लावता, की नुसतं बाटलीकडं बघून बरं वाटतं? सुपारी सुटली का? (सुटली असं फोनवर सांगू नका. आक्का शेजारीच असते आणि मागून तिचं हसू ऐकू येतं.) आक्काची शुगर, तुमची व्यालेली म्हैस आणि गल्लीतलं नळाचं भांडण, या तिघांची खुशाली सवडीनं कळवावी. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून तसं लिहितो. पुढचं वाचून झाल्यावर हे वाक्य तुम्ही खोडलंत तरी माझी हरकत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर तुम्ही फोन उचलला की आक्का तो स्पीकरवर टाकते आणि माझी फजिती अख्खं लोहारा ऐकतं. मागल्या खेपेला माझ्या मूळव्याधीची चौकशी माझ्याकडं एका जीपवाल्यानं केली, तीसुद्धा भरल्या जीपमध्ये. शिवाय अठ्ठावीस वर्षं मी इथल्या पोस्टात बसून दुनियेची सुखदुःखं वाटली, तेव्हा रिटायर झाल्यावर माझ्या दुःखाला निदान एक पाकीट मिळावं एवढी माझी अपेक्षा आहे.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, हे पत्र दादाबद्दल नाही. दादाचं आणि माझं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण माझी बाजू तुम्ही नीट ऐकून घेतलेली नाही (आक्कानं ऐकू दिली नाही), म्हणून तेवढं एकदा लिहितो. शिवांजलीच्या लग्नाच्या पत्रिका मी सगळ्या पोस्टानं पाठवल्या. ज्या पोस्टाचं मीठ खाल्लं त्याची इज्जत माझ्या पोरीच्या लग्नात राहावी, एवढाच त्यात हेतू. गठ्ठे बांधले, यादी लावली, रात्रंदिवस पत्ते लिहिले, आणि त्या गठ्ठ्यात आमच्या थोरल्या भावाची, म्हणजे हिंमतरावदादाची पत्रिका गेली. माझ्याच हातानं तिच्यावर शिक्का बसला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डाकवाल्यानं ती इथून चारशे पावलांवर असलेल्या दादाच्या घरी नेऊन दिली. पहिली पत्रिका देवाला, दुसरी थोरल्या भावाला, आणि ती हातानं, अक्षता देऊन, पाया पडून, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण त्या आठवड्यात मला माणसं दिसतच नव्हती, फक्त पिनकोड दिसत होते. दादा लग्नाला आला नाही. माझ्या एकुलत्या एका पोरीच्या मांडवात थोरला चुलता नव्हता. मी म्हणालो, आला नाही तर राहिला. तो म्हणाला, बोलावलं कुणी होतं? त्याला आता तीन वर्षं झाली. त्याचा खोकला मला इथं अंगणात ऐकू येतो, दाजी. कोणता खोकला धुराचा आणि कोणता छातीचा तेही मला कळतं, पण जाऊन विचारता येत नाही. असो. हे पत्र दादाबद्दल नाही.

हे पत्र सायकलींबद्दल आहे. दिवाळीला शिवांजली आणि जावई युवराजराव पुण्याहून आले ते डोक्यात एक खूळ घेऊनच. आपली छोटी गाडी तुम्हाला आठवत असेल (तुमची वरात त्याच गाडीनं आली होती आणि इंजिन चढाला दमल्यावर वऱ्हाडी खाली उतरून चालत होते, असं आक्का अजून सांगते). ती बंद पडली, रूळ उचलून नेले, त्याला बरीच वर्षं झाली. उरला तो भराव, थोडी खडी आणि दगडी मोऱ्या. तर परदेशात म्हणे अशा ओसाड लाइनींवरून लोक सुट्टीला चालत जातात, सायकली चालवतात, जुन्या स्टेशनात मुक्काम करतात. गाडीला फार चढ झेपत नाही, म्हणून तो रस्ता सपाट असतो आणि पोट सुटलेल्या माणसालाही जमतो. मी म्हणालो, बाई, ज्या भरावावरून आम्ही डोक्यावर वैरण घेऊन शिव्या देत येतो, तिथं पगारी माणसं रजा टाकून हौसेनं येतील? ती म्हणाली, येतील, आणि हे नीट लागलं तर मीही महिन्याला दोन दिवस इकडं येत जाईन. आता यावर बाप काय बोलणार? तिनं मोबाईलवर नऊ किलोमीटरची लाल रेघ ओढली. रेघ सरळ दादाच्या चिंचेखालून जात होती. मी हळूच म्हणालो की इथं जरा वळसा घेऊ. त्यावर तिनं विचारलं, बाबा, गाडीनं कधी कुणाच्या शेताला वळसा घातला होता का? (ही पोरगी माझ्यावर गेलेली नाही. ही आक्कावर गेलीय.)

ती जागा कागदोपत्री कुणाची, हे तुम्ही तहसिलीत नोकरी केलेले असल्यामुळं विचाराल. कृपा करून विचारू नका. प्रत्यक्षात भरावाचा एकेक तुकडा शेजारच्या शेतकऱ्याचा झालाय. कुणाची त्यावर कडब्याची गंज आहे, कुणाची तूर वाळते, कुणाची म्हैस तिथं बांधलेली असते आणि ती उठायला तयार नसते. दादा धरून असे पंधरा धनी निघाले. म्हणून मी पंधरवडाभर हळदकुंकू आणि अक्षता घेऊन दारोदार फिरलो. हो, अक्षता घेऊन, स्वतःच्या पायानं. एकदा पोळलेला माणूस आहे मी. आणि लोक तरी किती भले, दाजी! एकानंही काही मागितलं नाही. गंजी सरकवल्या, म्हशी हलवल्या, बाभळी छाटल्या. सगळ्यांची अट एकच की पाहुणे आमच्याकडं टेकले पाहिजेत, चहा घेतल्याशिवाय पुढं गेलेले चालणार नाहीत. मी सगळ्यांना कबूल झालो. एक चहा म्हणजे काय मोठंसं? असा चौदा जणांना मी वेगवेगळा होकार दिला, आणि चौदाही होकार एकाच दिवसाचे आहेत हे शनिवारी सकाळपर्यंत माझ्या टाळक्यात आलं नाही. (पंधराव्याकडं मी गेलो नाही. दोनदा त्याच्या बांधापर्यंत गेलो आणि चप्पल तुटल्यासारखं करून परत आलो.)

शनिवारी पुण्याची आठ माणसं आली, चार बाया, चार पुरुष, अंगाला घट्ट पोपटी कपडे आणि डोक्याला हेल्मेट. सायकली अशा की आपल्या पोराचं लग्न एका सायकलीच्या किमतीत व्हावं. आम्ही रेघेच्या लांबच्या टोकापासून निघालो, आपलं गाव मध्यावर लागतं. शिवांजली पुढं, मी सगळ्यात मागं, जुन्या ॲटलास सायकलवर. नव्या धोतराची कोर मी साखळीत पहिल्याच फर्लांगात गमावली. त्यानंतर लगेच शरणबसप्पाचं शेत लागलं. त्यानं भरावावर सतरंजी टाकली होती, चहा होता, आणि चहाआधी सत्कार होता. प्रत्येक पुरुषाला टॉवेल, टोपी आणि नारळ. पाहुण्यांना इतका आनंद झाला की दोघांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, हे एवढंच आहे. पुढं तीनशे पावलांवर सिद्धलिंग उभा होता, आणि शरणबसप्पानं साधा चहा दिला हे त्याला आधीच कळल्यामुळं त्याच्याकडं खव्याचा चहा होता. नारळ होतेच. तिसऱ्यानं हुरडा भाजला होता, चौथ्यानं हुरड्यावर दही दिलं, पाचव्यानं सरळ पंगत मांडली. एकाकडं खाल्लं आणि दुसऱ्याकडं नुसतं हात जोडून निघालं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी पाहुण्यांच्या कानात सांगत होतो, एक घोट तरी घ्या, माझ्या तोंडाकडं बघून घ्या. अकरा वाजता आम्ही एक किलोमीटर कापलं होतं. टोप्या हेल्मेटच्या आत बसेनात म्हणून त्या हेल्मेटवर बसल्या, आणि नारळ सायकलींना टॉवेलात बांधून लोंबत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की मंडळी कुणाच्या तरी शांतीला चाललीयत.

बायकांचं तर निराळंच झालं. राजनंदिनी मॅडम म्हणून एक बाई होत्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सवाष्ण बाई दारात आल्यावर ओटी भरल्याशिवाय कोण सोडतं? पण मॅडमना पदर नाही, विजार आणि घट्ट सदरा. आमच्या बायकांनी बराच विचार केला आणि शेवटी त्यांच्या हेल्मेटमध्ये ओटी भरली. पसाभर गहू, खण, नारळ, हळकुंड. आता भरलेली ओटी काही वाटेत रिकामी करत नाहीत, म्हणून बाई एका हातानं हेल्मेट पोटाशी धरून आणि एका हातानं सायकल सावरत निघाल्या. पुढल्या दारात आणखी एक ओटी त्यातच. चारी बायांची तीच गत. सुरक्षेसाठी आणलेल्या वस्तूनं चौघींना दोनदोनदा पाडलं, पण गहू सांडू दिला नाही एकीनंही, हे कबूल केलं पाहिजे. दोन वाजता आम्ही साडेचार किलोमीटरवर होतो, नऊ चहा पोटात होते, बोलणं सगळ्यांचंच बंद झालं होतं, आणि समोर दादाच्या घराला लागून असलेला त्याचा भराव आला.

मी ठरवून ठेवलं होतं की इथं सगळ्यांना खाली ओढ्यात उतरवायचं आणि दादाचं शेत संपल्यावर पुन्हा वर चढवायचं. सायकली खांद्यावर, पाय काळ्या चिखलात, पण तेवढं कुणीही करील असं मला वाटलं. सगळे खाली उतरल्यावर एकानं विचारलं, वर रस्ता चांगला सरळ दिसतोय, मग खाली का? आता मी काय सांगू? सख्खा भाऊ बोलत नाही म्हणून? नऊ दारांत मानपान झालेला माणूस मी, दहाव्या ठिकाणी अशी लाज कशी उघडी करू? शिवांजली माझ्याकडंच बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं की वर नाग आहे, मोठा आहे, चिंचेच्या बुडाशीच राहतो. दाजी, खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळं कसलं खोटं बोलावं याचाही अंदाज नव्हता. त्या आठजणांत गौरीशंकर नावाचे एक गृहस्थ होते. नोकरी विम्याची, पण हौस सापांचे फोटो काढायची. पाचव्या चहापासून हा माणूस आजाऱ्यासारखा गप होता. नाग म्हणताच त्यांच्या अंगात जीव आला. किती फुटी आहे, फण्यावर खूण कसली, कात कुठं टाकली, असं विचारत विचारतच ते कॅमेरा काढून भराव चढले, आणि त्यांच्यामागं बाकीचे सगळे. शिवांजली सगळ्यात शेवटी गेली. जाताना म्हणाली, बाबा, सायकली सांभाळा.

मी खाली ओढ्यात, घोट्याएवढ्या चिखलात, दहा सायकली, कित्येक नारळ आणि गव्हानं भरलेली चार हेल्मेटं सांभाळत पाऊण तास उभा होतो. वर जावं तर कसं जावं, आणि पळून जावं तर सायकली कुणाच्या भरवशावर टाकाव्या? आधी वरून काहीच आवाज आला नाही. मग दादाचं हसणं ऐकू आलं. तीन वर्षांत मी त्याचा खोकला ऐकला होता, हसणं ऐकलं नव्हतं. मग तेही थांबलं आणि सगळं चिडीचूप झालं. मला वाटलं, खरंच नाग निघाला की काय.

काय घडलं ते मला नंतर गौरीशंकरांनी सांगितलं. दादा चिंचेखाली बाजेवर बसला होता. यांनी विचारलं की इथं नाग राहतो का. दादानं विचारलं, कुणी सांगितलं? यांनी खाली बोट दाखवलं. दादानं वाकून ओढ्यात पाहिलं, मला पाहिलं, माझ्या धोतराची दशा पाहिली, आणि हसला. मग म्हणाला, "हाय की नाग. म्याच त्यो. बसा." नंतर त्यानं विचारलं, चहा किती झाले? नऊ, म्हणल्यावर त्यानं चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं, माठातलं गार पाणी दिलं, घोंगड्या टाकल्या आणि सगळ्यांना सावलीत आडवं व्हायला सांगितलं. नारळ नाही, टोपी नाही. आठही माणसं पाऊण तास घोरली. चौदा घरांशी मी बोलणी करून आलो, पण पाहुणा दमला असेल हे ज्याच्याकडं मी गेलो नाही त्यालाच तेवढं सुचलं.

शिवांजली त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लग्नाचं काही काढलं नाही. खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय म्हणाला? तर दादानं जे सांगितलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. "तुझा बाप चौदा दारं फिरला. पंधरावं दिसलं न्हाय व्हय त्याला?" दाजी, मी खाली वाकलो आणि सुटलेले नारळ पुन्हा बांधायला लागलो.

पुढचं थोडक्यात. दादाच्या पुढं आणखी पाच धनी वाट बघत होते, त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. सूर्य कलला, मंडळी जीपमध्ये बसून गेली. पाचांच्या पाच ठिकाणी दूध आटून गेलं, एकानं तर पुरणाचा घाट घातला होता. आता ते पाचहीजण मला बघितलं की मान फिरवतात. मी एका माणसाचा अबोला सांभाळत होतो, तर सायकलीच्या नादात सहाजणांचा पदरी पडला. आणि पुण्याला जाऊन पाहुण्यांनी लिहिलंय की सगळा प्रवास अविस्मरणीय, पण सगळ्यात सुंदर थांबा म्हणजे चिंचेखालचे नागोबाआजोबा. सव्वीस जानेवारीला दुसरे बाराजण यायला तयार आहेत, मात्र त्यांना त्या सावलीत दोन तास हवेत. मी शिवांजलीला म्हणालो, रेघ जरा बाजूला घे. ती म्हणाली, रेघ मी पुसणार नाही, तुम्हीच जाऊन या. तेव्हापासून मी बसून आहे. जेवण जात नाही. जगातली सगळी लाइन मोकळी झाली, माझ्याच दारापुढं चारशे पावलं अडलीयत, आणि ती अडवणारा दुसरा कुणी नाही, मीच आहे.

बाकी थोरांना नमस्कार, लेकराबाळांना आशीर्वाद, आणि हे पत्र वाचून जो हसेल त्याला काहीही नाही.

आपला,
बलभीम

ता. क. घरात सध्या त्रेचाळीस नारळ आहेत. लागत असतील तर कळवा, एसटीनं पाठवतो. राजनंदिनी मॅडमचं हेल्मेट जाताना इथंच राहिलं, ते आमच्या मंडळीनं, मथुरानं, ओटीसकट देवघरात ठेवलंय आणि मला हात लावू देत नाही.

ता. क. दुसरा. खरी गोष्ट अशी की हे पत्र दादाबद्दलच आहे. दाजी, येत्या रविवारी या. गुडघा दुखत असला तरी या. तुम्ही जावईमाणूस, तुम्हाला तो दारातून माघारी धाडणार नाही. तुम्ही पुढं चाला, मी तुमच्या आडोशानं मागून येतो, एवढंच काम आहे. एकट्यानं जमत नाही हो. आज दिवस उगवल्यावर गेलो होतो. अक्षता खिशात होत्या, काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तीनशे पावलं चाललो. दादा अंगणात बनियनवर शेंगा निवडत बसला होता. त्यानं मान वर केली, मला बघितलं, उठला, पाठ फिरवली आणि आत निघून गेला. मी तसाच माघारी आलो आणि हे लिहायला बसलो. मला राग आला नाही, दाजी. मला रडू आलं.

ता. क. तिसरा. मथुरा आत्ता स्लॅबवरून खाली आली, तूर वाळत घालत होती. मला विचारते, तुमी माघारी का फिरलात? मी म्हणालो, दादानं तोंड फिरवलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, थोरले सदरा घालाया आत गेलते. सदरा घातला, डोईला टोपी घातली आन् भाईर आले, तर तुमी पाठमोरे. तवापासनं भरावावर हुबे हायत, हिकडंच बघत." मी उठून खिडकीतून पाहिलं. उभा आहे, दाजी. पांढरी टोपी आहे डोक्याला. रविवारी येऊ नका. मी निघालो, पाकीट मथुरा चिकटवील.